मागून बांधलेला खेळ : प्रशिक्षक लोबेरा यांच्या पद्धतीचा एक अभ्यास

शिराळ्याच्या मुलाला खेळ म्हटला की आधी कबड्डी आठवते, कुस्ती आठवते, शाळेतला खो-खो आठवतो. फुटबॉल आमच्यापैकी बहुतेकांनी प्रथम पाहिला तो कोल्हापुरास, शाहू स्टेडियमवर. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम अशी संघांची नावे ऐकूनच आपल्यासारख्या तालमीच्या मुलखातल्या माणसाला तो खेळ घरचा वाटू लागतो. तिथून परत आलो की आपणही कुठे तरी माळावर दोन दगड ठेवून गोल करतो आणि खेळू लागतो. पण कोणी शिकवलेले नसते. त्यामुळे चेंडू पायाशी आला की जोराने पुढे मारायचा, एवढा एकच धडा आपल्याला पाठ असतो.

गेल्या हंगामातील एका सामन्यात आमच्या गोलरक्षकाने हा धडा मोडला. हातात आलेला चेंडू लांब न भिरकावता त्याने जवळच्या बचावपटूकडे सरकवला. मैदान पावसाने उखणलेले होते. चेंडू ढेकळावर उडाला, बचावपटूच्या पायातून सुटला आणि टपून बसलेल्या प्रतिस्पर्ध्याने गोल केला. कडेला उभ्या असलेल्या मंडळींतून एकच ओरड झाली, "मारायचा की पुढं! मागं कशाला खेळतोस?" सामना आम्ही त्याच एका गोलाने हरलो. गोलरक्षक कोणाशी न बोलता घरी गेला आणि पुढे आठ दिवस सरावाला फिरकला नाही.

चूक खरोखर त्याचीच होती काय? हा प्रश्न माझ्या मनात राहिला. मागून, हळूहळू, पास देत खेळ बांधत आणण्याची पद्धत आपल्या शेजारी गोव्यात एका प्रशिक्षकाने पद्धतशीरपणे रुजवली होती, हे मला ठाऊक होते. तिचा थोडा अभ्यास केला. तो येथे मांडतो. फुटबॉलची फारशी ओळख नसलेल्या वाचकांसाठी जागोजागी आपल्या मातीतल्या खेळांचे दाखले दिले आहेत.

पार्श्वभूमी

इंडियन सुपर लीग ही स्पर्धा २०१४ साली सुरू झाली. एफसी गोवा या संघाचे पहिले तीन हंगाम प्रशिक्षक होते ब्राझीलचे ख्यातनाम खेळाडू झिको. त्यांच्या हाताखाली गोव्याने २०१५ साली अंतिम फेरी गाठली. फातोर्डा येथे, घरच्याच मैदानावर, चेन्नईयिन संघाने ती ३-२ अशी जिंकली. पुढच्याच वर्षी, २०१६ साली, आठ संघांत गोव्याचा क्रमांक शेवटचा लागला.

अशा पडत्या काळात, २०१७ साली, सर्जिओ लोबेरा हे स्पॅनिश प्रशिक्षक आले. त्यांचा जन्म १९७७ सालचा, झारागोझा शहरातला. खेळाडू म्हणून त्यांचे नाव मोठे नव्हते. त्यांची घडण बार्सिलोना क्लबच्या युवा संघांना शिकवताना झाली. पुढे त्यांनी स्पेनमधील लास पाल्मास आणि मोरोक्कोमधील मोगरेब तेतुआन या संघांना मार्गदर्शन केले.

बार्सिलोनाचा उल्लेख येथे महत्त्वाचा आहे. हॉलंडच्या रायनस मिशेल्स यांनी अ‍ॅम्स्टरडॅमच्या आयाक्स संघात आणि पुढे १९७४ च्या विश्वचषकात हॉलंडच्या संघात एक विचार आणला. प्रत्येक खेळाडूला प्रत्येक जागेचे ज्ञान हवे आणि मैदानावरची मोकळी जागा हीच खरी संपत्ती समजावी, असा तो विचार होता. मिशेल्स यांचे शिष्य योहान क्रायफ १९८८ साली बार्सिलोनाचे प्रशिक्षक झाले आणि तो विचार त्यांनी तेथे रुजवला. २००८ ते २०१२ या काळात क्रायफ यांचे शिष्य पेप ग्वार्डिओला यांनी त्याला कळस चढवला. लोबेरा याच घराण्यातले. संगीतात जसे घराणे असते तसेच फुटबॉलमध्येही असते. गायक बदलला तरी स्वर लावण्याची रीत ओळखू येते.

मांडणी

लोबेरा यांच्या संघाची कागदावरची मांडणी बहुधा ४-२-३-१ अशी असे. गोलरक्षक सोडून उरलेल्या दहा जणांची ही विभागणी होय. मागे चार बचावपटू, त्यांच्यापुढे दोन मध्यरक्षक, त्यापुढे तिघे आणि सर्वांत पुढे एक आघाडीवीर. पण कागदावरचे आकडे म्हणजे छायाचित्र. चेंडू हलू लागला की चित्र बदलते.

गोलरक्षकाकडे चेंडू आला की दोन मधले बचावपटू एकमेकांपासून लांब सरकत. दोन्ही बाजूंचे बचावपटू कडेने पुढे चढत. मधल्या दोघांपैकी एक, म्हणजे मोरोक्कोचा अहमद जाहू, खाली उतरून बचावपटूंच्या रांगेजवळ येई. प्रतिस्पर्ध्याचे एक-दोन आघाडीवीर चेंडूवर धावून आले, तरी इकडे गोलरक्षक धरून चौघे हजर असत. एक माणूस नेहमी जास्तीचा. तो जास्तीचा माणूस शोधून त्याच्याकडे चेंडू पोचवायचा, हे या पद्धतीचे पहिले सूत्र.

येथे कोणी विचारील, चेंडू मागे ठेवून मिळते काय? गोल तर पुढे आहे. याचे उत्तर असे की, चेंडू मागे असला म्हणजे प्रतिस्पर्धी तो घेण्यासाठी पुढे येतो आणि तो पुढे आला की त्याच्या पाठीमागे जागा रिकामी होते. कबड्डीत चढाई करणारा काही वेळा मुद्दाम संथ पावले टाकतो. कोपऱ्यातला गडी अधीर होऊन पुढे सरसावला की साखळीत फट पडते आणि चढाईपटूला तीच हवी असते. लोबेरा यांच्या संघाचा मागचा खेळ हा असा होता. वरवर पाहणाऱ्याला तो वेळकाढूपणा वाटे, पण ते आमंत्रण असे.

मागे दिलेल्या पासचे मोल खो-खो खेळलेल्या माणसाला चटकन कळेल. खो-खोमध्ये धावणाऱ्या गड्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही आणि घेतलेली दिशाही बदलता येत नाही. समोरचा गडी पट्टीच्या पलीकडे निसटला तर तो खो देतो आणि पलीकडे तोंड करून बसलेला साथीदार उठतो. जे एकाला करता येत नाही ते दुसऱ्याकडून करवून घेतले जाते. फुटबॉलमध्येही पाठीवर प्रतिस्पर्धी घेऊन उभ्या असलेल्या खेळाडूला वळता येत नाही. तो चेंडू मागे देतो. मागच्याचे तोंड समोर असते, त्याला सारे मैदान दिसते, आणि तो तिसऱ्याच्या वाटेत पास घालतो. मागे गेलेला चेंडू हा अशा रीतीने पुढे जाण्यासाठीच मागे गेलेला असतो.

खेळाच्या नियमांनीही ही पद्धत घडवली आहे. सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घेऊ नये, असा नियम १९९२ साली आला आणि गोलरक्षकाला पायांनी खेळणे शिकावे लागले. २०१९ पासून गोल-किक मारताना चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर जाण्याची अट राहिली नाही. त्यामुळे अगदी गोलाजवळून आखूड पास देऊन खेळ सुरू करता येऊ लागला.

या पद्धतीला टोकाला धार हवी. गोव्याला ती स्पेनच्या फेरान कोरोमिनास याच्या रूपाने मिळाली. 'कोरो' या नावाने तो ओळखला जाई. शरीराने तो धिप्पाड नव्हता, उंच चेंडूंवर झेपावणारा नव्हता. पण बचावपटूंच्या मधल्या फटीतून नेमक्या क्षणी निघण्याची त्याची हातोटी विलक्षण होती. २०१७-१८ च्या हंगामात त्याने १८ गोल केले आणि २०१८-१९ मध्ये १६. दोन्ही हंगामांत सर्वाधिक गोल त्याचेच. पहिल्या हंगामात मॅन्युएल लान्झारोटे याने आणखी १३ गोलांची भर घातली.

मंदार राव देसाई यांचे उदाहरण

परदेशी खेळाडू आणून कोणीही संघ उभा करील, असा आक्षेप घेतला जातो. म्हणून एका गोमंतकीय खेळाडूचे उदाहरण पाहू. मंदार राव देसाई हे पहिल्या हंगामापासून एफसी गोवाचे खेळाडू. डाव्या बगलेवरचे आघाडीचे, वेगवान, सतत धावणारे. लोबेरा यांनी २०१८-१९ च्या हंगामात त्यांना तिथून काढून डावे बचावपटू केले.

प्रथमदर्शनी ही बढती वाटत नाही. पण पद्धतीच्या दृष्टीने पाहिले तर हेतू स्पष्ट दिसतो. बगलेवरच्या आघाडीच्या खेळाडूला चेंडू मिळतो तेव्हा बहुधा त्याची पाठ गोलाकडे असते आणि प्रतिस्पर्धी अंगाला भिडलेला असतो. मागून येणाऱ्याला सारे मैदान समोर दिसते. त्याच्या पुढचा खेळाडू आतल्या बाजूला सरकला की त्याच्यामागे प्रतिस्पर्धीही सरकतो आणि कडेची वाट मोकळी होते. त्या वाटेने मंदार वेगात येत. त्यांचा वेग तोच राहिला, पण तो जागेवर उभ्या खेळाडूचा न राहता दुरून धावत येणाऱ्याचा झाला. शिवाय चढाई करणारा गडी कोपऱ्यात उभा केला तर दुसऱ्याच्या चढाईतली पावले त्याला आधीच ओळखू येतात. बचावाचे कामही मंदार यांना असेच जमत गेले. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, २०१९ साली, ते डावे बचावपटू म्हणूनच भारतीय संघातून प्रथम खेळले. एखादी पद्धत चांगली की वाईट हे ठरवताना तिने हाताशी असलेल्या माणसाचे काय केले, हे पाहावे असे मला वाटते.

चेंडू गमावल्यावर

दुसरे सूत्र चेंडू गमावल्यानंतरचे. सामान्यतः चेंडू गेला की संघ मागे धावतो. लोबेरा यांचा संघ उलट करी. जवळचे दोघे-तिघे तत्काळ चेंडूवर तुटून पडत. चेंडू नुकताच मिळालेल्या प्रतिस्पर्ध्याची नजर अजून चेंडूवर असते, त्याला आपले साथीदार दिसलेले नसतात. त्या दोन-चार सेकंदांत त्याला घेरले तर चेंडू परत मिळतो, आणि तोही प्रतिस्पर्ध्याच्या गोलाजवळ.

पण हे घेरणे आखूड पासांशिवाय शक्य नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. संघ पास देत एकत्र पुढे सरकलेला असेल तरच चेंडू गमावला तेथे दोघे-तिघे जवळ असतात. लांब लाथ मारून चेंडू पुढे पाठवला तर तेथे आपला एकच माणूस असतो. घेरणार कोण? म्हणजे मागून खेळ बांधणे आणि चेंडू परत मिळवणे ही एकाच कामाची दोन अंगे ठरतात.

पद्धतीची किंमत

कोणतीही पद्धत फुकट मिळत नाही. संघ पुढे सरकला म्हणजे बचावफळी मध्यरेषेजवळ येते. मैदानाची लांबी साधारण १०५ मीटर. म्हणजे बचावफळीच्या पाठीमागे चाळीस-पंचेचाळीस मीटरचे रान मोकळे पडते. ऑफसाइडच्या नियमाचा आधार असतो खरा, पण प्रतिस्पर्धी स्वतःच्या अर्ध्या भागातून धावत निघाला तर तो नियम त्याला अडवत नाही. एक अचूक लांब पास आणि एक वेगवान आघाडीवीर एवढ्यावर सारा डाव उलटू शकतो.

आकडेच पाहा. २०१७-१८ च्या साखळी फेरीतील १८ सामन्यांत गोव्याने ४२ गोल केले आणि २८ स्वीकारले. दोन्ही आकडे मोठे आहेत. ३० नोव्हेंबर २०१७ रोजी फातोर्डा येथे झालेला बंगळूरुविरुद्धचा सामना या दृष्टीने बोलका आहे. बंगळूरुचा गोलरक्षक लाल कार्ड मिळून बाहेर गेला होता, गोवा ३-१ असा पुढे होता. तरीही दहा जणांच्या बंगळूरुने ३-३ अशी बरोबरी साधली. शेवटी कोरोने तिसरा वैयक्तिक गोल करून सामना ४-३ असा जिंकून दिला. प्रेक्षकाला याहून चांगली संध्याकाळ कोणती? पण प्रशिक्षकाच्या वहीत या सामन्याला दोन रकाने पडले असणार.

दुसऱ्या हंगामात बचाव सुधारला. गोवा उपांत्य फेरीत मुंबईला मुंबईत ५-१ असे हरवून अंतिम फेरीत पोचला. १७ मार्च २०१९ रोजी अंधेरीच्या मैदानावर पुन्हा बंगळूरुच समोर होता. जादा वेळेत जाहूला दुसरे पिवळे कार्ड मिळून तो बाहेर गेला, आणि ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर मुंबईकर राहुल भेके याने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. बंगळूरु १-०. हा गोल मागून खेळण्याच्या चुकीतून झालेला नव्हता, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पराभव झाला की सारे खापर पद्धतीवर फोडण्याची सवय आपल्याला असते. महिन्याभरात, १३ एप्रिल २०१९ रोजी, याच संघाने चेन्नईयिनला २-१ असे हरवून सुपर कप जिंकला.

प्रशिक्षक गेल्यावर

तिसऱ्या हंगामात, २०२० च्या जानेवारीअखेर, गोवा गुणतक्त्यात अग्रभागी असताना क्लबने लोबेरा यांना पदावरून दूर केले. उरलेल्या सामन्यांची जबाबदारी आली क्लिफर्ड मिरांडा या गोमंतकीय माजी खेळाडूवर. १९ फेब्रुवारीला गोव्याने जमशेदपूरला ५-० असे हरवले आणि साखळी फेरीतील अव्वल स्थानाची ढाल जिंकली. १८ सामन्यांत ३९ गुण आणि ४६ गोल. या कामगिरीने एफसी गोवा हा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत पोचणारा पहिला भारतीय संघ ठरला.

येथे विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, प्रशिक्षक गेला तरी खेळ मोडला नाही. पद्धत खेळाडूंच्या पायात उतरली होती. मात्र तिची किंमतही तशीच राहिली. उपांत्य फेरीत चेन्नईयिनने पहिला सामना ४-१ असा जिंकला. दुसरा गोव्याने ४-२ असा जिंकला, पण एकूण ६-५ ने चेन्नईयिन पुढे गेला.

लोबेरा मुंबई सिटी संघाकडे गेले. जाहू, मोर्तादा फॉल, ह्युगो बुमूस आणि मंदार हेही तेथे आले. २०२०-२१ चा सारा हंगाम महामारीमुळे प्रेक्षकांविना गोव्यातच खेळला गेला. मुंबईने साखळी फेरीची ढाल जिंकली आणि १३ मार्च २०२१ रोजी फातोर्डा येथे एटीके मोहन बागानविरुद्ध अंतिम सामना खेळला.

या सामन्यात माझ्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले. १८ व्या मिनिटाला स्वतःच्या गोलाजवळ चेंडू खेळवत असताना जाहूने तो गमावला आणि डेव्हिड विल्यम्सने गोल केला. आमच्या मैदानावर घडले तेच, फक्त ढेकूळ नव्हते. कल्पना करा, जाहू आमच्या संघात असता तर पुढचे सत्तर मिनिटे त्याने काय ऐकले असते! पण त्याच्या साथीदारांनी त्याला पास देणे थांबवले नाही आणि त्याने मागणे थांबवले नाही. २९ व्या मिनिटाला त्याच जाहूने मागून लांब चेंडू टाकला. तो अडवण्याच्या धडपडीत मोहन बागानच्या तिरीच्या डोक्याला लागून चेंडू त्यांच्याच जाळ्यात गेला. ९० व्या मिनिटाला बिपिन सिंगने विजयी गोल केला. मुंबई २-१.

या उदाहरणावरून आणखी एक गोष्ट दिसते. मागून बांधणारा संघ लांब पास वर्ज्य मानत नाही. प्रतिस्पर्धी पुढे ओढला गेला आणि मागे जागा झाली की लांब पास हेच योग्य उत्तर असते. फरक इतकाच की तो पाहून दिलेला असतो, घाबरून मारलेला नसतो.

आपल्यापुरते

मग आपण लोबेरा यांची पद्धत उचलावी काय? जशीच्या तशी उचलता येणार नाही. फातोर्ड्याचे हिरवळीचे मैदान आणि आपले पावसाळ्यात चिखलाचे, उन्हाळ्यात ढेकळांचे मैदान यांत अंतर आहे. त्यांचा सराव रोजचा. आपला तास संपल्यावर, शेवटची एसटी गाठायच्या आत. ज्या दिवशी मैदान खराब असेल त्या दिवशी गोलाजवळ आखूड पास देऊ नये, हे कोणताही शहाणा प्रशिक्षक सांगेल.

पण तीन गोष्टींना हिरवळ लागत नाही. पहिली, साथीदाराकडे चेंडू असताना त्याला पास देण्यासाठी निदान दोन वाटा दिसतील असे उभे राहणे. दुसरी, चेंडू आपल्याकडे येण्यापूर्वीच मान वळवून मागे-पुढे पाहून घेणे. तिसरी, चेंडू गेला की हात कमरेवर न ठेवता निदान पाच पावले त्याच्यामागे धावणे. या तीन गोष्टी आठ जण जमले तरी सरावात करता येतात.

आता त्या गोलाकडे परत येतो. गोलरक्षकाने पास दिला तेव्हा मी मध्यरक्षक म्हणून खेळत होतो. मला आठवते, मी मध्यरेषेजवळ उभा राहून चेंडू लांब येण्याची वाट पाहत होतो. दुसरा बचावपटूही तसाच उभा होता. गोलरक्षकापुढे एकच वाट होती आणि ती प्रतिस्पर्ध्यालाही दिसत होती. मी वीस पावले खाली आलो असतो तर त्याला दुसरी वाट मिळाली असती. जाहूचे काम ते माझे काम होते आणि मी ते केले नाही. ढेकळावर चेंडू उडाला हे दुर्दैव, पण एकच वाट शिल्लक राहिली हा आम्हा दहा जणांचा दोष. हरल्यावर मात्र बोल ऐकले एकट्याने.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी त्याच्या घरी जाऊन हे सारे त्याला सांगितले. तो हसला आणि म्हणाला, "मग पुढल्या वेळी खाली येशील ना?" नवव्या दिवशी तो सरावाला आला. त्याने चेंडू हातात घेऊन मान वर केली, तेव्हा मी आणि दुसरा बचावपटू, दोघेही त्याच्याजवळ उभे होतो.